रोपांची वंशावळ : बागप्रेमी मंडळाचा इतिहास कसा लिहावा

एखाद्या बागप्रेमी मंडळाला पंचवीस किंवा पन्नास वर्षे होत आली की स्मरणिका काढण्याचा ठराव होतो आणि मंडळाचा इतिहास लिहिण्याचे काम कुणातरी एका सभासदाकडे सोपवले जाते. ज्यांच्याकडे ते काम आले आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. साताऱ्यातील आमच्या मंडळाचा इतिहास लिहायला मला जवळजवळ दोन वर्षे लागली आणि त्यातले पहिले सहा महिने अध्यक्षांची यादी, बक्षीस समारंभांची छायाचित्रे आणि पाहुण्यांच्या भाषणांची कात्रणे जमवण्यात गेले. पुढे एका सकाळी यादोगोपाळ पेठेतल्या एका आजींकडे त्यांच्या यजमानांच्या चिटणीसपदाची वर्षे विचारायला गेले. त्यांनी सगळे नीट सांगितले आणि मग अंगणातल्या पिवळ्या शेवंतीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे लिहिशीलच गं तू, पण ही कुठनं आली ते नाही का विचारायचं?" ती शेवंती माहुलीच्या एका घरातून आली होती, आजींकडून ती आणखी अकरा घरी गेली होती आणि त्यातल्या दोन घरांतली माणसे मंडळात आली ती तिच्या निमित्तानेच. मंडळाच्या एकाही कागदात याचा उल्लेख नव्हता. त्या दिवसापासून मी इतिहासाची मांडणी रोपांभोवती करू लागले आणि पुढे सांगितलेली सारी पद्धत त्या मांडणीला धरून आहे.

आधी कागद

मांडणी रोपांची करायची असली तरी सुरुवात कागदांपासून करावी, कारण माणसांच्या आठवणींना टेकायला काहीतरी लागते. पहिला कागद म्हणजे इतिवृत्ताची वही, जिला मंडळांत सर्रास 'प्रोसिडिंग' म्हणतात. ही वही मंडळाच्या कपाटात क्वचितच सापडते. ज्या चिटणिसांच्या काळात ती भरली त्यांच्या घरी, माळ्यावर, लग्नपत्रिका आणि जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात ती बहुधा असते. म्हणून विद्यमान पदाधिकाऱ्यांकडे चौकशी करून थांबू नये; आजवरच्या प्रत्येक चिटणिसाच्या आणि खजिनदाराच्या घरी स्वतः जावे. वहीबरोबर रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), पावती पुस्तकांच्या स्थळप्रती, बँकेचे पासबुक, प्रदर्शनाच्या निमंत्रणपत्रिका आणि रोपवाटिकांची बिलेही मागावीत. यांपैकी रोजकीर्द हा सर्वांत बोलका कागद आहे, असे माझे मत झाले आहे. इतिवृत्तात 'प्रदर्शन उत्साहात पार पडले' एवढेच वाक्य असते. रोजकीर्दीत मात्र कुंड्या आणायला बैलगाडी केली की टेम्पो, शेणखत कोणत्या गावाहून आले, मंडपाला किती बांबू लागले आणि परीक्षकांना चहाबरोबर काय दिले, हे सगळे तारखेसकट मिळते.

मंडळ नोंदणीकृत असेल तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात त्याची नोंद असते. अशा संस्था बहुधा १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली अशा दोन्हीकडे नोंदलेल्या असतात. नोंदणीच्या दाखल्याची आणि विश्वस्त बदलल्यावर दाखल केलेल्या बदल अर्जांची नक्कल रीतसर अर्ज करून मागता येते. पदाधिकाऱ्यांच्या वर्षांविषयी घरोघरी ऐकलेल्या गोष्टींपेक्षा हे अर्ज अधिक विश्वसनीय आहेत. मात्र नोंदणीची तारीख हीच स्थापनेची तारीख समजण्याची चूक करू नये. मंडळ आधी काही वर्षे कुणाच्यातरी अंगणात जमत असते, मग बँकेत खाते उघडायची वेळ येते, आणि तेव्हा कुठे नोंदणीचा विचार होतो. इतिहासात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहाव्यात आणि पहिल्या बैठकीचे वर्ष नक्की कळत नसेल तर कोणत्या पुराव्यावरून ते अंदाजाने ठरवले, हेही तिथेच नोंदवावे.

सर्वांत जास्त वेळ जातो तो तारीख नसलेल्या कागदांवर. त्यांच्यासाठी काही खुणा उपयोगी पडतात. पावतीवर रुपये-आणे-पै असेल तर ती बहुधा १९५७ पूर्वीची, कारण त्या वर्षीच्या १ एप्रिलपासून दशमान नाणी आली. अर्थात जुन्या छापील पावत्या संपेपर्यंत वापरल्या गेल्या असतील, हे ध्यानात ठेवावे. पत्रशीर्षावर सहा अंकी पिनकोड छापलेला असेल तर तो कागद १५ ऑगस्ट १९७२ नंतरचाच. 'वनमहोत्सवानिमित्त' असा शब्द आला तर १९५० किंवा त्यानंतरचे वर्ष धरावे, कारण वनमहोत्सव त्या वर्षी सुरू झाला. पत्त्यात 'दक्षिण सातारा' असेल तर तो कागद आजच्या सांगली जिल्ह्यातला आणि १९४९ ते १९६० या काळातला असतो. साताऱ्याचे विभाजन होऊन तो जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगलीचे नाव मिळाले. आमच्या एका सभासदांना आजोळच्या पेटीत मिळालेले पुष्पप्रदर्शनाचे प्रशस्तिपत्रक 'दक्षिण सातारा' या दोन शब्दांमुळेच त्या अकरा वर्षांत बसवता आले.

जुन्या निमंत्रणपत्रिकांवर इसवी सनाऐवजी शक आणि तिथी असते. शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो, पण १ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथींसाठी ७९ मिळवावे लागतात. पुष्पप्रदर्शने बहुधा हिवाळ्यात होत असल्याने नेमकी याच ठिकाणी एका वर्षाची चूक होते. पौष आणि माघातल्या प्रत्येक तिथीची त्या वर्षाच्या पंचांगाशी पडताळणी करावी. वाड्यांमधून मोडीतले हिशेब निघाले तर ते वाचणाऱ्या जाणकारांना दाखवावेत. स्वतः अंदाजाने वाचू नयेत.

कागद हाताळण्याबाबत थोडक्यात सांगते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांनी पिवळी पडते आणि निघताना अक्षरेही घेऊन जाते. टिपणे शिसपेन्सिलीने, वेगळ्या कागदावर करावीत. छायाचित्रांच्या पाठीवर शाईच्या पेनने नावे लिहू नयेत. एका जुन्या प्रदर्शनाचे आमच्याकडचे एकमेव छायाचित्र चांगल्या हेतूने एका दुकानात लॅमिनेट करून घेतले गेले आणि आता ते प्लॅस्टिकपासून सोडवता येत नाही; त्यामुळे त्याच्या मागे कुणाच्या हस्ताक्षरात काय लिहिले होते, हे पाहण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. छायाचित्र स्कॅन करताना दोन्ही बाजू कराव्यात आणि मूळ प्रत ज्यांची आहे त्यांना त्याच आठवड्यात परत द्यावी. उसनी आणलेली वस्तू वेळेवर परत गेली की पुढची पेटी आपोआप उघडते.

सांगलीच्या बाजूला काम करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत कृष्णेचे पाणी घरांत, दुकानांत आणि ग्रंथालयातही शिरले आणि कपाटातल्या वह्या भिजून गेल्या. तिथे मंडळाच्या दफ्तरापेक्षा पूररेषेबाहेर, विश्रामबागसारख्या उंच भागांत किंवा पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलांकडे राहिलेल्या प्रती शोधाव्या लागतात. साताऱ्यात पुराची भीती नाही, पण पश्चिमेकडचा पावसाळा दमट आहे आणि वह्यांना कसर लागते.

माणसांना काय विचारावे

वृद्ध सभासदांना 'हे कोणत्या साली झाले?' असे विचारू नये. साल कुणालाच आठवत नाही, आणि विचारणाऱ्याचा हिरमोड होऊ नये म्हणून माणसे एखादे साल सांगून टाकतात. मग ते एकदा छापले की खरेच होऊन बसते. त्याऐवजी ज्या घटना साताऱ्यातल्या प्रत्येक घराला आठवतात त्यांच्या आधी की नंतर, असे विचारावे. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्या वेळी वाड्याची भिंत कोणती पडली, परसातली विहीर कशी हादरली, हे लोक आजही सांगतात, आणि त्याला जोडून 'तेव्हा आमच्याकडे डेलिया होते' हे वाक्यही निघते. १९७२ चा दुष्काळ ही दुसरी मोठी खूण आहे. त्या वर्षी पाण्याअभावी कुणी कोणती झाडे सोडून दिली आणि कोणती भांडी घासलेल्या पाण्यावर जगवली, हा प्रश्न मी प्रत्येक घरी विचारला आणि प्रत्येक घरी त्याचे उत्तर मिळाले. मंडळाचे तारुण्य ज्यांनी पाहिले आहे अशांसाठी मुलांची बारशी, लग्ने आणि घराला गच्ची कधी घातली, या खुणाही तितक्याच खात्रीच्या असतात.

मुलाखत दिवाणखान्यात घेऊ नये, बागेत घ्यावी. खुर्चीवर बसवून समोर ध्वनिमुद्रक ठेवला की माणसे भाषण करू लागतात; हातात खुरपे किंवा सिकेटर (छाटणीची कात्री) असले की ती बोलता बोलता झाडांपाशी थांबतात आणि प्रत्येक झाडापाशी एक नाव निघते. सकाळी आठच्या सुमारास, पाणी घालण्याच्या वेळी जावे. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावे, पण आधी परवानगी घ्यावी आणि एखादा भाग छापू नका असे कुणी म्हणाले तर तो शब्द पाळावा. रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्या बागेतले एखादे रोप किंवा बियांची पुडी नेली की त्या घरातूनही काहीतरी परत मिळते, आणि ते काय दिले यावरूनच त्या घरची आवड कळते.

इथे एका उणिवेबद्दल मनापासून सांगावेसे वाटते. जुन्या सभासद-नोंदवहीत नावे बहुतांशी पुरुषांची आहेत, पण बाग प्रत्यक्षात ज्यांनी वाढवली त्या स्त्रियांची नावे 'सौ.' एवढ्याच उल्लेखापलीकडे नाहीत. वर्गणी यजमानांच्या नावे भरली जायची, बक्षीसही त्यांच्याच नावे जाहीर व्हायचे. त्याहून मोठी उणीव माळ्यांची आहे. आमच्या मंडळातले निम्मे सभासद गुलाबाचा डोळा भरायला, म्हणजे कलम करायला, ज्यांच्याकडून शिकले ते माळीकाका मंडळाचे सभासद नव्हते. रोजकीर्दीत त्यांचा उल्लेख 'माळी मजुरी' एवढाच आहे. नोंदवही समोर ठेवून 'या नावामागे बाग कोण करत होते आणि कामाला कोण येत होते?' हे दोन प्रश्न प्रत्येक ओळीला विचारावेत आणि मिळालेली नावे, त्या घरांच्या संमतीने, इतिहासात पूर्ण लिहावीत. मला या कामात सर्वांत समाधान कशाने मिळाले असेल तर माळीकाकांच्या नातवाने छापलेल्या पानावर आजोबांचे नाव बोटाने शोधले, त्या क्षणाने.

रोपांची वंशावळ कशी मांडावी

एक मोठा कागद घ्यावा, शक्यतो पतंगाच्या कागदाइतका पातळ नको आणि पुठ्ठ्याइतका जाडही नको, म्हणजे घडी घालून बरोबर नेता येतो. त्यावर सभासदांची घरे पेठेप्रमाणे मांडावीत आणि एकेक रोप घेऊन ते कोणत्या घरातून कोणत्या घरी गेले, याची रेघ ओढावी. सगळी रोपे घेण्याचा मोह टाळावा. किमान तीन घरी पोहोचलेले, किमान एका घरी आजही जिवंत असलेले आणि ज्याच्याबद्दल सांगण्यासारखी काही हकिगत आहे असे रोप निवडावे. आमच्याकडे अशी चौदा निघाली. त्यांत दोन शेवंत्या, एक मदनबाण, एक अबोली, तीन गुलाब, एक कवठी चाफा आणि एक कढीलिंबसुद्धा होता.

रेघ कशी ओढायची याला महत्त्व आहे. काडी, मुनवे (बुंध्याभोवती फुटणारे कोंब), कंद, गुटी (फांदीलाच मुळे फोडून केलेले कलम) किंवा डोळा यांपासून केलेले रोप म्हणजे मूळ झाडाचाच पुढे वाढलेला भाग असतो. बियांपासून आलेले रोप मात्र नवे असते आणि आईसारखे निघेलच असे नाही. म्हणून पहिल्या प्रकारासाठी सलग आणि बियांसाठी तुटक रेघ काढावी. ही गोष्ट सभासदांना समजावून सांगितली तेव्हा अनेकांच्या चेहऱ्यावर आलेले भाव मला आठवतात. शेवंती फुलून गेल्यावर बुंधा छाटतात, त्याच्याभोवती फुटलेले मुनवे वेगळे करून लावतात आणि वर्षानुवर्षे हेच चालते. म्हणजे माहुलीच्या घरातले ते झाड आज तिथे नसले, ते घरही उरले नसले, तरी अकरा घरी जे फुलते आहे ते तेच झाड आहे. झेंडूचे किंवा अस्टरचे तसे म्हणता येत नाही, त्यांची वंशावळ तुटक रेघेनेच काढावी लागते आणि रंग मध्येच कुठे बदलला हे विचारावे लागते. गुलाबाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. डोळा भरलेल्या गुलाबात वरची जात पाहुणी असते आणि खालचा खुंट देशी गुलाबाचा असतो. कित्येक घरी वरचा गुलाब कधीच मेला आणि खुंटच वाढून फुलतो आहे. अशा वेळी आजोबांचा गुलाब म्हणून जे दाखवले जाते ते आजोबांनी आणलेले फूल नसते. हे घरच्यांना सांगावे, पण सौम्यपणे.

नावाची खात्री करणे हे या कामातले सर्वांत नाजूक काम आहे. वंशावळीत नुसते 'चाफा' असे कधीही लिहू नये; सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा आणि देवचाफा ही वेगवेगळी झाडे आहेत. मोगरा, बटमोगरा आणि मदनबाण यांतही गोंधळ होतो. फुलाचे, पानाचे आणि पूर्ण झाडाचे अशी तीन छायाचित्रे घेऊन स्थानिक महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावीत. घरात जे नाव चालते तेही सोडू नये. आमच्या एका फिकट गुलाबी गुलाबाला तीन घरांत 'बेळगावकडचा' म्हणतात, कारण तो तिथून आलेल्या सुनेने आणला होता, आणि माझ्या मते जातीच्या नावापेक्षा हेच नाव इतिहासाला अधिक उपयोगी आहे.

सांगितलेल्या गोष्टी तपासायला रोपेच मदत करतात. आमच्याकडे एका ज्येष्ठ सभासदांनी सांगितले की पन्नासच्या दशकातल्या पहिल्या प्रदर्शनात त्यांच्या 'सुपर स्टार' गुलाबाला पहिले बक्षीस मिळाले. पण तो पोवळ्याच्या रंगाचा गुलाब १९६० साली बाजारात आला. 'पीस' १९४५ चा, 'क्वीन एलिझाबेथ' १९५४ चा आणि 'ग्लॅडिएटर' १९५५ चा. गुलाब जगात आला त्याच वर्षी साताऱ्यात पोहोचला असेल असेही नाही. पुन्हा बोलल्यावर ध्यानात आले की ती आठवण पुढच्या कुठल्यातरी प्रदर्शनाची होती आणि पहिल्या प्रदर्शनातले फूल वेगळेच होते. तशीच गोष्ट गाजर गवताची, म्हणजेच काँग्रेस गवताची. पुण्यात ते १९५५-५६ च्या सुमारास प्रथम नोंदले गेले, म्हणून स्वातंत्र्यापूर्वी मंडळाने गोलबागेजवळचे काँग्रेस गवत उपटले, अशी आठवण कुणी सांगितली तर ती नंतरच्या काळात नेऊन बसवावी लागेल. आठवण खोटी नसते, फक्त तिचे वर्ष चुकलेले असते, आणि सांगणाऱ्याचा मान राखून ते दुरुस्त करता येते.

वंशावळीतली प्रत्येक रेघ दोन्ही टोकांना विचारून पक्की करावी. देणाऱ्याला दिलेले आठवते, घेणाऱ्याला कधी कधी आठवत नाही. आणि दोन घरे एकमेकांकडे बोट दाखवून 'आम्हीच त्यांना दिले' असेही म्हणतात. असे झाले तर निवाडा करू नये, दोन्ही म्हणणी लिहून ठेवावीत.

प्रथा लिहिताना कारण लिहावे

मंडळाच्या प्रथा नोंदवताना 'दरवर्षी पुष्पप्रदर्शन भरते' असे लिहून पुढे जाऊ नये. ती प्रथा त्याच वेळी का होते, कशी होते आणि तिच्यात काय बदलले, हे लिहिले तरच पुढच्या पिढीला ती पुन्हा सुरू करता येते. आमचे प्रदर्शन डिसेंबरात का भरते, हे मी अनेकांना विचारले तेव्हा 'पहिल्यापासून तसेच आहे' एवढेच उत्तर मिळाले. खरे कारण गुलाबाच्या छाटणीत आहे. पाऊस थांबल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यास, गुलाब छाटतात. छाटणीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पहिला बहर येतो. म्हणून डिसेंबरचा पूर्वार्ध. त्याच सुमारास शेवंतीही भरात असते. परतीचा पाऊस लांबला तर छाटणी लांबते आणि प्रदर्शनही पुढे जाते. जुन्या निमंत्रणपत्रिकांवरच्या तारखा एका ओळीत मांडल्या तर त्या त्या वर्षी पाऊस कधी उघडला याचा अंदाजही त्यांतून येतो, आणि हे करण्यासारखे आहे.

मृगाच्या सुमारास होणारी रोपांची देवाणघेवाण ही बहुतेक मंडळांची सर्वांत जुनी प्रथा असते, कारण तिला पैसा लागत नाही. आमच्याकडे तिचा नियम असा होता की जितकी रोपे न्यायची तितकी आणायची, आणि आणलेल्या रोपाला नाव, देणाऱ्याचे घर व लावण्याची पद्धत लिहिलेली चिठ्ठी बांधायची. ज्या वर्षांच्या चिठ्ठ्या कुणी जपून ठेवल्या होत्या, त्या वर्षांची वंशावळ आयती मिळाली. तुमच्या मंडळात अशी प्रथा असेल तर या वर्षीपासून चिठ्ठ्यांचे छायाचित्र काढून ठेवायला सुरुवात करा. इतिहासाचे निम्मे काम तिथेच होते.

सणांशी जोडलेल्या प्रथा वेगळ्या लिहाव्यात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून तुळस, गवती चहा किंवा कोरफडीचे रोप देण्याची पद्धत आमच्या मंडळातल्या स्त्रियांनी सुरू केली आणि ती आता मंडळाबाहेरही गेली आहे. वटपौर्णिमेला फांदी तोडून आणण्याऐवजी सामाईक जागेत लावलेल्या वडाची पूजा होते. ते झाड कुणी लावले, कुणी पाणी घातले, याची नोंद हवी. गणपतीच्या एकवीस पत्रींपैकी कोणती कोणाच्या अंगणात आहे याची एक यादी आमच्याकडे भाद्रपदात फिरते. माका, आघाडा, शमी, मरवा, डोरली, रुई, हादगा, अर्जुन अशी नावे त्या यादीत वर्षानुवर्षे त्याच घरांपुढे आहेत. देवदार मात्र कुणाच्याच अंगणात नाही. हस्त नक्षत्रात मुलींचा हादगा (भोंडला) व्हायचा तेव्हा लागणारी हादग्याची फुले एकाच घरून येत, आणि ते झाड वादळात पडल्यावर त्याच घरच्या बियांपासून तीन ठिकाणी रोपे केली गेली. अशा नोंदी लहान वाटतात, पण मंडळ कशामुळे एकत्र राहिले ते त्यांतूनच दिसते.

काही प्रथा बंद झाल्या आहेत आणि त्या प्रामाणिकपणे लिहाव्या लागतात. कासच्या सहली हे त्याचे उदाहरण. साताऱ्यापासून पंचवीस किलोमीटरच्या आत असलेल्या या पठारावर सभासद पिढ्यान्‌पिढ्या जात आले आहेत, आणि जुन्या काळी येताना पिशवीत काही ना काही उपटून आणणे कुणाला गैर वाटत नव्हते. तेरडा, गेंद, सीतेची आसवे, वायतुरा अशा वनस्पती कुंडीत लावण्याचे प्रयत्न झाले आणि त्या सगळ्या मेल्या. जांभ्या खडकावरचा मातीचा अगदी पातळ थर, पावसाळ्यापुरते साचणारे पाणी आणि अत्यंत कमी अन्नद्रव्ये यांवर त्यांचे जगणे बेतलेले असते. सीतेची आसवे तर ती उणीव सूक्ष्म जीव पकडून भरून काढतात. शेणखत घातलेल्या कुंडीत त्या कशा जगणार? २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला, वन विभाग आणि परिसरातल्या गावांची समिती तिथली व्यवस्था पाहू लागली, आणि आता एक फूलही तोडता येत नाही, हे योग्यच आहे. इतिहासात जुन्या सहलींचे कौतुक करताना हा भाग गाळण्याचा मोह होतो. तो गाळू नये. रोपे आणणे मंडळाने कधी थांबवले, कुणाच्या आग्रहाने थांबवले, हे शोधून लिहावे. रस्त्याकडेच्या वृक्षारोपणाचेही तसेच आहे. ऐंशीच्या दशकात सुबाभूळ आणि निलगिरी लावण्याचा सर्वत्र उत्साह होता. आपल्या मंडळाने लावली असतील तर तसे लिहावे आणि पुढे करंज, कडुनिंब, वड यांकडे मंडळ कसे वळले तेही लिहावे.

मतभेदांविषयी थोडेसे. प्रत्येक मंडळात कधीतरी फूट पडते, बक्षिसावरून अबोला होतो, हिशेबावरून राजीनामे येतात. ज्या मतभेदाने मंडळाचे काम बदलले तेवढाच लिहावा, दोन्ही बाजू त्या त्या माणसांना वाचून दाखवाव्यात, आणि ज्यात फक्त मने दुखावली ते सोडून द्यावे.

लिहिणे, छापणे आणि ठेवणे

लिहिताना पहिली दहा पाने सातारा शहराच्या इतिहासावर खर्च करू नयेत. शाहू महाराजांपासून सुरुवात करण्याची आपल्याकडे सवय आहे, पण तो इतिहास इतरत्र चांगला लिहिलेला आहे. बागांच्या जुन्या परंपरेचा संदर्भ द्यायचाच असेल तर तो नेमका द्यावा : पुण्याच्या एम्प्रेस गार्डनची देखभाल करणारी अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० ची आहे, आणि तिथली पुष्पप्रदर्शने पाहून आलेल्या सभासदांमुळे आमच्या प्रदर्शनातली वर्गवारी बदलली, एवढा संबंध आम्हाला कागदांवरून दाखवता आला, म्हणून तो लिहिला. जिथे संबंध दाखवता येत नाही तिथे मोठी नावे आणू नयेत.

मसुदा तयार झाल्यावर तो एका बैठकीत मोठ्याने वाचावा. वाचून दाखवताना माणसे मध्येच थांबवतात, 'ते खतासाठी कोडोलीहून नव्हे, करंज्याहून आणायचो' असे म्हणतात, आणि छापण्यापूर्वीच शंभर चुका निघतात. यासाठी एक बैठक पुरत नाही, आम्हाला चार लागल्या. वंशावळीचा कागद भिंतीवर लावून ठेवावा आणि पेन्सिल दोरीने बांधावी. चहाच्या वेळी लोक आपापल्या रेघा दुरुस्त करतात.

छपाईचा खर्च जाहिरातींतून काढायचा असेल तर जाहिराती शेवटी एकत्र घ्याव्यात, मजकुराच्या मध्ये नकोत. प्रती किती काढायच्या हे मंडळाने ठरवावे, पण पाच प्रती सभासदांव्यतिरिक्त राखून ठेवाव्यात : एक नगरवाचनालयात, एक स्थानिक महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात, एक जिल्हा ग्रंथालयात, एक मंडळाच्या दफ्तरात आणि एक दुसऱ्या गावच्या एखाद्या बागप्रेमी मंडळाकडे. सातारा आणि सांगलीच्या मंडळांनी आपल्या प्रती एकमेकांकडे ठेवल्या तर पूर, आग किंवा कसर यांपैकी काहीही आले तरी एक प्रत वाचते. ध्वनिमुद्रणे आणि स्कॅन दोन वेगळ्या ठिकाणी, दोन वेगळ्या माणसांकडे ठेवावीत आणि ती कुणाकडे आहेत हे पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहावे.

आमच्या पुस्तकात वंशावळीनंतर आम्ही आठ पाने कोरी ठेवली आहेत, त्यांवर फक्त रोपाचे नाव, कुणाकडून, कुणाला आणि कधी एवढे चार रकाने आखलेले आहेत. मागच्या मृगाला यादोगोपाळ पेठेतल्या आजींच्या नातीने त्यातल्या पहिल्या ओळीत पिवळी शेवंती लिहिली आणि पुढे कोरेगावच्या एका घराचा पत्ता घातला.